नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर साबण

"कुठलीही संख्या आणा, मी तिचे सारखे भाग पाडून दाखवतो!" साबणाच्या कारखान्यातले पॅकिंगचे मुकादम ही फुशारकी रोज मारायचे. तीसपर्यंतचे पाढे त्यांना झोपेतसुद्धा यायचे, त्यामुळे कोणी वाद घालत नसे. आज तर संध्याकाळी व्यवस्थापकाची खुर्ची त्यांनाच मिळणार होती. मालकीणबाईंची अट एकच.

"नव्या ऑर्डरचा सगळा साबण चारच्या ट्रकमध्ये चढला पाहिजे. प्रत्येक खोक्यात सारखे नग. एकही सुटा राहता कामा नये!" एवढं बजावून बाई दात दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या.

मोजणीच्या यंत्राने आकडा दाखवला, ९९७३.

"बारा-बारा भरा!" मुकादमांनी फर्मावलं. आठशे एकतीस खोकी भरली. एक साबण उरला!

"नऊ-नऊ करा!" सगळी खोकी उपसली, अकराशे आठ भरली. पुन्हा एक!

"मुकादम, हा तोच आहे हो!" पॅकिंगवाल्या मावशींनी कपाळावर हात मारला. "टाकते माझ्या पिशवीत. एका साबणाचं काय एवढं?"

"चोरी? आणि माझ्या देखत?" मुकादम असे कडाडले की मावशींनी तो साबण विंचू धरल्यासारखा टेबलावर टाकला.

अकरा-अकरा केले तर सात उरले. तेरा-तेरा केले तर दोन. साडेतीन वाजले. मुकादमांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी मानापमान बाजूला ठेवून त्यांनी कॉलेजात गणित शिकवणाऱ्या भाचीला फोन लावला.

"अय्या मामा, ही तर मूळ संख्या! हिला फक्त एकाने भाग जातो, नाहीतर हिच्याच आकड्याने. चार आकडी संख्यांतली सगळ्यात मोठी मूळ संख्या आहे ही!"

"कौतुक नंतर कर! खोकी किती घेऊ?"

"एकच घ्या. नाहीतर नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर!"

मुकादम मटकन बसले ते भरलेल्या खोक्यावरच. इतकी वर्षं पाढे म्हटले, पण अशी हटवादी संख्या जगात असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!

तेवढ्यात सुजलेला गाल धरून मालकीणबाई आल्या आणि यंत्रावरच्या आकड्याकडे बघतच राहिल्या.

"त्र्याहत्तर कसले? अहो, महिनाभरात या ऑर्डरचे दहा हजार नग काढले होते! शंभर खोकी, शंभर-शंभर! बाकीचे सत्तावीस गेले कुठे?"

सत्तावीस! मुकादमांना हिशोब लगेच लागला. गेले सत्तावीस दिवस, रोज घरी जाताना, डब्याच्या पिशवीतून एक. फक्त एक, तेही 'दर्जा तपासायला'! पिशवी समोरच खुंटीला होती आणि साबणासारखी घमघमत होती. मावशी आधी पिशवीकडे आणि मग त्यांच्याकडे बघू लागल्या.

"आलोच! घरी... म्हणजे... तपासणी चालू आहे," असं पुटपुटत त्यांनी बायकोला फोन लावला. घाईघाईत स्पीकर कधी चालू झाला, ते कळलंच नाही.

"अगं, कपाटातले ते सत्तावीस साबण..."

"ते होय? सकाळीच वाटून टाकले!" बायकोचा आवाज गोदामभर घुमला. "आईला नऊ, दोन्ही वहिनींना नऊ-नऊ. अगदी तुम्ही शिकवता तसे सारखे भाग. एकही सुटा राहिला नाही!"

मावशींनी टेबलावरचा साबण उचलला आणि मुकादमांच्या हातात ठेवला.

"घ्या. एवढाही तपासून टाका."