डॉक्टरांची दुःखी रेकॉर्ड

रॉक संगीत आपल्याइतकं कुणाच्या अंगात भिनलेलं नाही, अशी दातांच्या डॉक्टरांची ठाम खात्री होती. ही खात्री टिकलीही आरामात, कारण ते या विषयावर बोलत तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडात कापूस, आरसा आणि डॉक्टरांची बोटं असत.

कॉलेजात असताना त्यांचे केस खांद्यापर्यंत होते. पुढे केस गेले, रेकॉर्डी राहिल्या. कपाटभर मोठ्या रेकॉर्डी आणि एकच छोटी, जुन्या बाजारातून कव्हराशिवाय आणलेली. मधला कागदही घासून गेलेला. कुणी गायलंय, काही पत्ता नाही. पण डॉक्टरांचा जीव तिच्यावरच. तिच्यात गिटार हंबरडा फोडायची, ड्रम पाय ओढत चालायचा आणि एक पुरुष विहिरीतून बोलावं तसा गायचा. शब्द कळायचे नाहीत.

"वेदनेला शब्द लागत नाहीत," डॉक्टर दाढ कोरता कोरता सांगायचे. दवाखान्यात त्या रेकॉर्डवरून घरी भरून घेतलेली टेप चालू असायची. पेशंटच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि डॉक्टर त्याचं श्रेय गाण्याला द्यायचे.

अशा माणसाला वाचनालयाने 'रेकॉर्डींच्या आठवणी' या विषयावर बोलायला बोलावलं. डॉक्टर हरखले. छोटी रेकॉर्ड मऊ फडक्यात गुंडाळून, बायकोला पहिल्या रांगेत बसवून ते व्यासपीठावर चढले.

"आता तुम्ही एका बापाचा आक्रोश ऐकणार आहात. ज्यांचं मन हळवं आहे त्यांनी रुमाल काढून ठेवावेत."

दोघातिघांनी खरंच काढले. ग्रंथपालबाईंनी वाचनालयाच्या नव्या प्लेअरवर रेकॉर्ड लावली. गिटार टणाटण उड्या मारू लागली आणि एक बाई खिदळत गायला लागली.

"वेग चुकला बाई," डॉक्टर समजुतीने हसले.

"छोट्या रेकॉर्डला हाच वेग असतो ना?"

"असेल. हिला नाही."

त्यांनी स्वतः खटका मागे ओढला. बाई गेली, विहिरीतला पुरुष आला. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि पुरुषी आवाजातल्या करुणेवर ते भरभरून बोलले. बोलणं संपलं तसा मागून हात वर झाला. इंग्रजीच्या निवृत्त बाई होत्या. डॉक्टरांच्या जुन्या पेशंट.

"डॉक्टर, मघाच्या वेगाने एकदा लावा ना."

लावली. बाईंनी मान कलती करून शेवटपर्यंत ऐकली.

"अहो, ही बाईच आहे. म्हणतेय, शनिवार आला, नवे बूट घाला, नाचायला चला. तुमच्याकडे दर वेळी मला शंका यायची. पण तोंडात कापूस असायचा."

सभागृहात हशा पिकला. डॉक्टरांना एकदम घरचा रेकॉर्ड प्लेअर आठवला. त्याचा वेग बदलायचा खटका कॉलेजातच हळू वेगावर अडकला होता. मोठ्या रेकॉर्डींना तोच वेग लागायचा, म्हणून दुरुस्तीची गरजच पडली नव्हती. त्या एकट्या छोटीला मात्र त्यांनी आयुष्यभर रडायला लावलं होतं. इकडे श्रोत्यांनी रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. रुमाल काढून बसलेले दोघे ते हवेत फिरवू लागले. डॉक्टर हातातलं भाषण घडी घालत उभे राहिले.

 घरी जाताना बायको कोपऱ्यावर थांबली.

"अहो, बाबांच्या शोकसभेत आपण हेच लावलं होतं."

 सासऱ्यांच्या तसबिरीशेजारी डॉक्टरांनीच टेप ठेवली होती. सासरकडची सगळी मंडळी हुंदके देत होती. बायकोचे खांदे हलताना दिसले तेव्हा ते घाईने म्हणाले, "रडू नकोस गं. चुकलं माझं."

ती रडत नव्हती. तिला हसू आवरत नव्हतं.

"आईला सांगा," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि तुम्हीच सांगा."

घरी पोचल्यावर डॉक्टर बराच वेळ पाणी प्यायले, मग त्यांनी सासूबाईंना फोन लावला. खटका, वेग, बाई, नवे बूट, सगळं अडखळत सांगितलं. 

"आई, रागावलात का?"

"रागावत नाही हो. म्हणजे नीट लावलं असतं तर ते गाणं लवकर संपलं असतं?"

"हो. बरंच लवकर."

"अगंबाई. आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना उभं राहून ऐकायला लावलंत. माझे गुडघे तेव्हापासून धरलेत ते धरलेतच."