गुलाबी वासाचा फेस

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या पर्यवेक्षकबाई सकाळी टाकीशी आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. एरवी जिथे मातकट पाणी बुडबुडत असतं, तिथून पांढराशुभ्र फेस कठडा ओलांडून वाटेवर उतरला होता. वर त्याला गुलाबाचा वास!

"बाई, आज पहिल्यांदाच इथे प्रसन्न वाटतंय," ऑपरेटर म्हणाला. उंचीमुळे त्याला सगळे शिडी म्हणत.

"प्रसन्न कसलं डोंबलाचं! आतले जिवाणू मरायला टेकलेत."

शहराची घाण खाऊन पाणी निवळायचं काम या टाकीतले जिवाणू करत. ते मेले, तर घराघरांतलं सांडपाणी जसंच्या तसं भिंतीपलीकडच्या नदीत जाणार. बाईंनी नदीकडचं दार बंद करायला लावलं आणि येणारं पाणी राखीव टाकीत वळवलं. ती संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरणार होती. तोवर फेसाचा उगम सापडायलाच हवा होता.

दोघं पायीच निघाले. दर वळणावर शिडी गटाराचं झाकण उचलायचा, बाई वाकून वास घ्यायच्या. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून लांबून वळसा घालत होते.

"इथे गुलाब नाही. डावीकडे चल."

माग एका गल्लीत शिरला. पहिल्याच घराचं दार एका आजोबांनी उघडलं.

"आजोबा, गटारात काही ओतता का हो तुम्ही?"

आजोबांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हिला सांगू नका. खोकल्याचं ते कडूजहर औषध मी बेसिनमध्ये ओततो."

"काय ओतता?" आतून आजी कडाडल्या. "आणि मी मेली डॉक्टरांशी भांडतेय, औषधाला गुण नाही म्हणून!"

"अहो, आम्ही साबणाचं विचारतोय," बाई म्हणाल्या.

"तू तरी कुठे धुतल्या तांदळासारखी!" आजोबांना आता जोर चढला. "तळणीचं उरलेलं तेल कोण ओततं?"

"दोघंही ओतू नका," बाई मध्ये पडल्या. "तेलानं पाइप तुंबतात. आणि औषध आमच्याकडेही पुरतं निघत नाही, ते माशांच्या पोटात जातं."

"तरीच मासे खोकत नाहीत," आजोबा पुटपुटले. आजींनी दार लावून घेतलं. पुढचं भांडण बंद दाराआड झालं.

गल्लीच्या टोकाला लाँड्री होती. लाँड्रीवाला गुडघाभर फेसात उभा राहून खराट्याने फेस मोरीकडे लोटत होता.

"थांबा! किती साबण टाकलाय?"

"पाचपट. कालपासून खळबळतोय, फेस हटायचं नाव नाही. मी नको नको म्हणत होतो, पण गिऱ्हाईक हटून बसलं. म्हणे, वासाचा मागमूस राहता कामा नये."

"कोण हे गिऱ्हाईक?"

"तुमचेच मोठे साहेब की! उद्या पाहुणे यायचेत ना तुमच्याकडे?"

त्याने फेसात हात घालून एक हिरवा पडदा वर ओढला. मागोमाग खुर्च्यांचे अभ्रे आले, सतरंज्या आल्या. सगळं बाईंच्या ऑफिसातलं. बाईंनी मशीन बंद करायला लावलं आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, फेस कुठून येतो ते सापडलं."

"शाब्बास! कोण आहे तो नालायक? चांगला सणसणीत दंड ठोका. कुणाचीही गय करू नका."

"साहेब, आपल्या ऑफिसचे पडदे आहेत."

साहेबांनी एकदम आवाज खाली आणून विचारलं, "जिवाणू कसे आहेत?"

जिवाणू वाचले. दुपारभर शिडीने पाण्याच्या फवाऱ्याने फेस बसवला. राखीव टाकी वीतभर रिकामी असतानाच पाणी पुन्हा नेहमीच्या वाटेने सोडता आलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा पडदे ओलेच होते. साहेबांच्या खोलीत लख्ख ऊन पडलं होतं.

"पडदे नाहीत वाटतं?" पाहुण्यांनी डोळे बारीक करत विचारलं.

साहेबांनी एकदा बाईंकडे पाहिलं. "मुद्दामच काढले. नदी दिसावी म्हणून."

"वा!" म्हणत पाहुणे खिडकीशी गेले. साहेबही लगबगीने त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आपल्या खुर्चीमागे नदी आहे, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसत होतं.