तिसरं बटण

गुरुसिद्धनं आणलेल्या जुन्या बेस गिटारवर आवाजाची बटणं दोनच आहेत, हे निर्मलाच्या लक्षात आलं चौथ्या दिवशी. तेव्हा त्यांची दीड वर्षांची लेक शांभवी गिटारशेजारी बसून काहीतरी गिळत होती.

"अहो, बटणं बसवायच्या काड्या तीन आणि बटणं दोन! तिसरं कुठाय?"

"असंल की." गिटार साठ सालच्या आसपासची, दुर्मिळ, एवढं कळल्यापासून गुरुसिद्ध तिचा इतिहास वहीत उतरवत होता. बटणं मात्र त्यानं मोजली नव्हती.

डॉक्टरांनी शांभवीचा घसा पाहिला, पोट चाचपलं. ती खुदकन हसली. "लक्षणं काही नाहीत. पण प्लॅस्टिक एक्स-रेत दिसायचं नाही. मुळात बटण होतं का, ते बघा."

स्कूटर शिवाजी पेठेत गुंडूच्या दारात थांबली. गिटार त्यानंच विकली होती.

"वैनी, ऑर्केस्ट्रात धा वर्सं वाजवली, पन मी तारांकडं बघतो. बटणांचं ध्यानात न्हाय. वडगावच्या हंबीररावांकडनं घेतलती. त्यास्नी इचारा."

पेठ वडगाव येईस्तोवर शांभवीला अकरा वेळा "आ" करावं लागलं.

गिटारचं नाव काढताच म्हातारे हंबीरराव खुलले. "बसा पावणं. पार सुरवातीपास्नं सांगतो. एकोणसत्तरला गोव्याला गेलतो..."

गुरुसिद्धनं वही उघडली.

"काका, तिसरं बटण..."

"येतो की त्याच्यावर. तर बोटीवरचा एक आचारी हुता..."

आचाऱ्यानं गिटार विकली, ती एसटीच्या टपावर चढली, निपाणीत उतरायची राहिली. गुरुसिद्धचं पेन थांबेना.

"काका, बटण!" निर्मला ओरडली. "माझ्या पोरीच्या पोटात असंल ते!"

 तेवढ्यात हंबीररावांच्या बायकोनं, बाळाबाईंनी, चहाचं पातेलं आणून ठेवलं आणि झाकण निर्मलापुढं धरलं. मधोमध मुठीच्या जागी एक काळं, कडेनं खाचा असलेलं बटण होतं.

"ह्येच का गं? चौऱ्याऐंशी साली मूठ तुटली, तवा ह्यांच्या त्या गिटारचं काढून बसवलं. चटका म्हणून बसत न्हाय."

 निर्मला आधी रडली, मग हसली, मग दोन कप चहा प्यायली. सकाळी शांभवीच्या हातात चुरमुरे आपणच दिले होते, हे तिला तेव्हा कुठं आठवलं.

नवं झाकण आणून देण्याच्या बोलीवर बाळाबाईंनी बटण सोडलं. गुरुसिद्धनं घरी येताच ते बसवलं. "आता गिटार पुरी झाली बघ!"

दुसऱ्या दिवशी त्यानं गिटार मांडीवर घेतली, तर तिन्ही काड्या उघड्या.

"निर्मला! बटणं कुठायत?"

"कपाटात. कुलूप घातलंय."

"अगं, मग आवाज कमी-जास्त कसा करायचा?"

निर्मलानं शांभवीला कडेवर घेतलं, सवयीनं तिचं तोंड उघडून पाहिलं आणि निवांत म्हणाली,

"पक्कड हाय की."