लांब बाह्यांच्या पाठकबाई

पाठकबाई माणसाचा चेहरा पाहत नसत, कातडी पाहत. माझ्या पुतणीच्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढल्या आणि नवरदेवाच्या नाकाकडे रोखून बघत म्हणाल्या, "तैलग्रंथी फारच कामसू आहेत हो तुमच्या. दिवसातून दोनदा तोंड धूत जा." फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. अल्बमात नवरदेव आजही नाक झाकून उभा आहे.

पांढरकवड्यात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान पाटबंधारे खात्यात होते, ते वारले. मूलबाळ नाही. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. भाजीवालीचा हात धरून तिला तिच्याच मनगटावरचे केस दाखवत: "हे नुसतं गवत नव्हे! एकेका केसाच्या मुळाशी आत जायला वाट आहे. कातडी म्हणजे भिंत नाही, जाळी आहे, जाळी!" भाजीवाली हात सोडवून घेण्यासाठी कोथिंबीर फुकट द्यायची.

मग कपाशीची ती वाईट वर्षं आली. बोंडअळी हटेना. लोक औषधावर औषध फवारू लागले आणि फवारणारेच चक्कर येऊन दवाखान्यात भरती होऊ लागले. रोज सकाळी मजूर पाठीवर पंप घेऊन आमच्या गल्लीतून जात. एके दिवशी बाईंनी फाटकात खुर्ची टाकली.

पहिला सापडला गणपत टेकाम, त्यांचाच जुना विद्यार्थी. अंगात नुसतं बनियन.

"नववीत त्वचेच्या धड्यात काय शिकवलं होतं रे?"

"म्या आठवीतच शाळा सोडलती, बाई."

"मग आज शीक. अंगावर उडालेलं औषध घामाबरोबर भिनतं, केसांच्या मुळांतून आत जातं. लांब बाह्यांचा शर्ट घाल."

"एवढी गरमी होऊन राह्यली! जीव जाईन ना माहा!"

"न घातलास तर जाईल."

"पन माह्यापाशी हाय कुठं तसा शर्ट?"

बाई आत गेल्या आणि यजमानांचा कचेरीतला शर्ट घेऊन आल्या, धुतलेला, कडक इस्त्रीचा. गणपतनं मनगटाची बटणं लावेपर्यंत त्याला हलू दिलं नाही.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी अडवला जाई. थोड्याच दिवसांत गावाबाहेरची शेतं पाटबंधारे खात्यासारखी दिसू लागली. निंदणाऱ्या बाया हसायच्या, "साहेब आले, साहेब आले!" बाईंना पर्वा नव्हती. संध्याकाळी त्या अंगणातल्या नळाशी साबण घेऊन उभ्या. "आधी डोकं धू. केसांत बसतं ते." ते शर्टसुद्धा हातमोजे घालून वेगळ्या बादलीत त्याच भिजवत.

एका सकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. गणपत एका माणसाला घेऊन आला. "हा माहा साळा, मारोती. झरीकडून आला फवारनीले. याले बी एक द्या, बाई."

"संपले रे," बाई म्हणाल्या.

मारोती पंप सावरून निघाला.

"थांब." बाई आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात निळ्या रेघांचा शर्ट होता, चुरगळलेला, कॉलर मळकी.

"याले इस्तरी नाई केली, बाई?" गणपतनं विचारलं.

"नाही केली. घाल रे." मारोतीच्या मनगटांची बटणं त्यांनी स्वतः लावली.

दोघं गेले. मी तो शर्ट ओळखला होता. "बाई, साहेबांना दवाखान्यात नेलं तेव्हा हाच होता ना त्यांच्या अंगात?"

"हो. नंतर धुतलाच नव्हता मी."

बाईंनी चष्मा पदराला पुसला आणि वर्गात बोलत तशा बोलल्या, "घामाला स्वतःचा वास नसतो, विलास. कातडीवरच्या जंतूंमुळे येतो तो. तोही किती टिकणार?"

मग जरा हळू म्हणाल्या, "कधीचाच उडून गेला होता. मीच आपली रोज हुंगून बघायचे."