ढोमणेसाहेबांची हजेरी

ढोमणेसाहेब कुणाच्याही घरी गेले तरी पुढच्या दारानं आत शिरत नसत. सायकल ओट्याला टेकवायची, घराला वळसा घालून थेट परसात जायचं, तिथं लिंबू, शेवगा, पपई जे काही उभं असेल त्याची पानं उलटून पाहायची, बुडाशी माती उकरून हुंगायची आणि मग मातीच्या हातांनी मागच्या दारातून स्वयंपाकघरात उगवायचं. घरातली बाई दचकायची. "आधी तब्येत, मंग गोष्टी," असं म्हणून ते तिच्याकडेच हात धुवायला पाणी मागायचे. माझ्या लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता तेव्हा ते असेच आमच्याकडे उगवले आणि माझी बायको भाकरी तव्यावर टाकून शेजारणीकडे पळाली. हे सरकारी अधिकारी आहेत, असं मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

अकोटच्या गट कचेरीत मी कारकून होतो आणि उत्तमराव ढोमणे शेतकीचे विस्तार अधिकारी. साठ सालच्या मागचीपुढची गोष्ट. तेव्हा वरून परिपत्रकं यायची की दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्यानं नुसत्या कपाशीवर विसंबून राहू नये. विहिरीजवळ फळझाडं लावावीत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेवगा-सीताफळ लावावं, दारात बकऱ्या पाळाव्यात. परिपत्रकाला पोच दिली की काम संपलं, असं माझं प्रामाणिक मत होतं. ढोमणेसाहेबांनी ती परिपत्रकं वाचली होती. इतकंच नव्हे, तर त्यांना ती पटली होती.

"पान्यानं एक साल दगा देल्ला की पऱ्हाटी हात वर करते," ते भेटेल त्याला सांगत. "झाड तसं नाई. थे जमिनीत पाय घालून बसलं रायते. थे कुठं जाते?" परतवाड्याहून संत्र्याची कलमं ते मोटारीच्या टपावर घालून आणत आणि स्वतःही टपावर बसत. एकदा चिखलदऱ्याहून मधमाश्यांची पेटी घेऊन आले. त्या दिवशी मोटार अर्ध्या वाटेतच रिकामी झाली आणि साहेब, ड्रायव्हर आणि पेटी असे तिघेच अकोटला पोचले. ड्रायव्हर दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेला.

पण त्यांची खरी करामत म्हणजे बारसं. कलम लावून झालं की ते विचारत, "नाव काय?" शेतकरी म्हणे, संत्रा. "थे जात झाली. नाव सांग." मग त्या घरातल्याच एखाद्या माणसाचं नाव झाडाला द्यायचं आणि शाळेच्या जुन्या हजेरीबुकात लिहून घ्यायचं. "नंबराचं झाड मरते, बाबू," त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "नावाचं झाड कोनी मरू देत नाई." महिन्या-दोन महिन्यांनी ते धुऱ्यावर उभे राहून हजेरी घ्यायचे. "सोनाबाई!" म्हटलं की त्या झाडाला पाणी घालणाऱ्यानं "हजर, जी" म्हणायचं. गंमत वाटेल, पण कलमं जगत. एका सुनेनं सासूच्या नावाचं झाड इतकं जपलं की हिच्या मनात आहे तरी काय, अशी सासूलाच शंका आली.

साहेब एकटे राहत. कापसाच्या जिन कारखान्यामागं त्यांची एक खोली होती आणि खोलीमागच्या परसात संत्र्याचं एकच झाड. डेरेदार, हिरवंगार आणि फळाच्या नावानं शून्य. संत्र्याच्या साहेबांचं झाडच वांझ, म्हणून कचेरीत आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली. "त्याची गोष्ट अलग हाये," एवढंच म्हणून ते विषय बदलत. रोज संध्याकाळी त्या झाडाला दोन बादल्या पाणी घालत. ते झाड हजेरीबुकात नव्हतं. मी एकदा मुद्दाम पाहिलं होतं.

पिंपळखुट्याच्या तुळशीरामला संत्री लावायला लावली ती ढोमणेसाहेबांनीच. अडीच एकर रान, एक विहीर, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं घर. म्हातारा बाप संपत, बायको सरूबाई, भाऊ वसंता, त्याची बायको आणि तीन मुली. विहिरीजवळच्या चांगल्या जमिनीत वीस झाडं लागली. घरातली माणसं संपली तेव्हा मेलेल्यांची नावं दिली, तीही संपली तेव्हा बैलांची. सहा वर्षं त्या तुकड्यात धड कपाशी नाही की संत्री नाहीत. गाव हसायचं. आणखी सात-आठ जणांनी तुळशीरामचं बघून कलमं नेली होती, तेही आता त्याच्याकडे डोळे लावून बसले होते.

त्या दिवाळीला तुळशीरामनं साहेबांना सरळ सांगून टाकलं. "साहेब, औंदा होळीपर्यंत फूल नाई दिसलं तं मी कुऱ्हाड घालतो. माह्या पोरी पाला थोडीच खातात?"

"घाल," साहेब म्हणाले. "पन मी सांगतो थे आधी कर."

संत्र्याला बहार हवा असेल तर त्याचं पाणी काही दिवस तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, सुरळ्या होतात, गळायला लागतात. झाड आता जातं असं वाटतं. मग पाणी सोडलं की ते अंगभर फुलतं. सहा वर्षं झाडं जगवायला शिकवणाऱ्या माणसानं आता त्यांना तहानलेलं ठेवायला सांगितलं. सगळ्या घरानं माना डोलावल्या.

तीन आठवड्यांनी साहेबांबरोबर मीही पिंपळखुट्याला गेलो. गेलो म्हणजे काय, पाहणीच्या कागदावर दुसरी सही लागत होती. बघतो तर वीसही झाडं टवटवीत. पान न पान ताठ. साहेबांनी खाली बसून एका बुडाशी माती उकरली. ओली होती. दुसरीकडे उकरली, तीही ओली. ते उठले, सायकलच्या पिशवीतून हजेरीबुक काढलं आणि धुऱ्यावर उभे राहिले.

"संपत!"

म्हातारा काठी टेकत पुढं आला. "हजर, जी."

"पानी कोनं देल्लं?"

"एक लोटाच देल्ला, साहेब. माह्या नावाचं झाड वाळून राह्यलं अन् मी पाहात बसू? मले खोकलाही सुरू झाला ना."

मग एकेक बाहेर पडलं. वसंताच्या बायकोनं वसंताच्या झाडाला पाणी घातलं होतं, कारण नवरा दोन दिवस जेवला नव्हता आणि हिनं दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला. मुलींनी आपापल्या झाडांना घातलं होतं, शिवाय मेलेल्या आजीच्या झाडाला, आजी स्वप्नात येईल या भीतीनं. एकमेकांना पत्ता लागू न देता सगळं घर पाणी घालत होतं. शेवटी साहेबांनी तुळशीरामकडे पाहिलं.

"मी फक्त बैलाइले देल्लं," तुळशीराम खाली मान घालून म्हणाला. "दिवसभर राबतात, जी."

सरकारी दौऱ्यावर असताना मी कधी हसलो नव्हतो. त्या दिवशी हसलो. साहेब हसले नाहीत. ही सगळी त्यांच्याच बारशाची करणी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. नावाचं झाड कुणी मरू देत नाही आणि नावाचं झाड कुणी तहानलेलंही ठेवत नाही.

विहिरीलगतचं शेवटचं झाड राहिलं होतं. त्याच्या आळ्यात तर चिखलच होता.

"गौतम," साहेबांनी वाचलं.

हजर म्हणायला कुणी पुढं आलं नाही. सरूबाई झाडाजवळच उभी होती. "मी देल्लं," ती म्हणाली. "रोज देते. सांगून ठेवते, यापुढंही देईन."

"सरू, चूप राह्य," तुळशीराम म्हणाला.

"कावून चूप राहू? हे कलम लावलं त्या सालचंच माहं लेकरू. तीन वर्साचं झालं अन् तापात गेलं. पानी पानी करे, साहेब. जुनी मानसं म्हनत, तापात पानी नोको पाजू. मी नाई पाजलं. आता तुमीबी म्हनता नोको पाजू."

मी हातातल्या कागदाची उगीच घडी घातली. त्या बाईकडे मला बघवेना, आणि हसलो होतो त्याची लाज वाटली.

ढोमणेसाहेबांनी हजेरीबुक गुडघ्यावर टेकवलं. मग पेन्सिल काढून त्यांनी शेवटचं नाव चौकटीत घेतलं. "ह्या झाडाले देत जा, बाई," ते म्हणाले. "दोन घागरी. ह्याले ताण नाई." सरूबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती विहिरीकडे वळली.

साहेबांनी पान उलटलं. "बाकी एकोनवीस. ह्याइचे नावं बदलू. तुळशीराम, तुले कोन आवडत नाई?"

तुळशीराम आधी लाजला. मग म्हणाला, "पटवारी." साहेबांनी लिहिलं. वसंतानं जिनात कापूस तोलणाऱ्या काटेवाल्याचं नाव सांगितलं, त्याच्या बायकोनं वरच्या आळीतल्या एका विहिणीचं. मग धरण फुटल्यासारखी नावं आली. गावचा मेंबर, मुलींच्या शाळेतले मारकुटे गुरुजी, आमचे बीडीओ साहेब. संपत म्हाताऱ्यानं माझ्याकडे काठी केली. "ह्या वानखडेबाबूचं लिहा. विहिरीच्या अर्जासाठी मले तीन खेपा घालाले लावल्या." मी समोरच उभा होतो. साहेबांनी माझ्यासमोर माझं नाव लिहिलं आणि नीट दिसेल असं अधोरेखित केलं.

त्यानंतर महिना-सव्वा महिना त्या एकोणीस झाडांना थेंब मिळाला नाही. घरातली माणसं उत्साहानं पाळत ठेवत होती असं नंतर कळलं. पटवाऱ्याची पानं गळाली तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या म्हणे. माझ्या झाडाचं आळं तर म्हाताऱ्यानं रात्रीचं दंवही लागू नये म्हणून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी झाकलं होतं. मग साहेबांनी स्वतः जाऊन मोट धरायला लावली आणि पाणी सोडलं.

होळीला दोन आठवडे होते. साहेब मला सायकलवर डबलसीट घेऊन निघाले. गावाच्या अलीकडेच वास आला. तुळशीरामच्या रानात एकोणीस झाडं पांढरीफेक झाली होती. ज्यांनी कलमं नेली होती ते सगळे धुऱ्यावर उभे होते आणि साहेबांना एकदमच प्रश्न विचारत होते. तुळशीरामची कुऱ्हाड कुंपणाच्या बाभळीत रोवलेली होती. संपतनं मला हाताला धरून माझ्या झाडापाशी नेलं. "तुमी लई फुलले, बाबू," तो म्हणाला. त्या स्वरात आता राग नव्हता.

गौतमला एकही फूल नव्हतं. ते हिरवंगार होतं आणि सरूबाई त्याच्या बुडाशी घागर रिकामी करत होती. साहेब तिथं गेले आणि त्यांनी त्याची पानं उलटून पाहिली.

परतताना ते मला खोलीवर चहाला घेऊन गेले. चहा बाजूलाच राहिला, आधी त्यांनी बादली उचलली. मी परसात त्यांच्यामागं गेलो आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "नाव काय?"

"शांता," ते म्हणाले.

ते विधुर आहेत एवढं कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढं कुणी कधी विचारलं नव्हतं, मीही नाही.

"लग्न झालं अन् तिले गावीच ठेवलं. म्हटलं, औंदा थांब, कलमं लावाची हायेत. दुसऱ्या साली म्हटलं, बदली होऊ दे. तिसऱ्या साली ही खोली घेतली, हे झाड लावलं अन् पत्र टाकलं की ये आता. पत्र पोचाच्या आधी तिकडून तार आली." त्यांनी बादली सावकाश आळ्यात ओतली. "तिले लई वाट पाहाले लावली, बाबू. ह्या झाडाले नाई लावत."

चहा निवला होता, तो तसाच प्यालो.

दोन वर्षांनी त्यांची बदली अमरावतीला झाली. हजेरीबुकं त्यांनी नव्या साहेबांच्या ताब्यात दिली आणि बादली माझ्या हातात. खोली मीच भाड्यानं घेतली. महिनाभर पाणी तोडा, संत्र्यांनी लदबदेल, असं शेजारीपाजारी अजून सांगतात. माझ्या बायकोला मी सगळी हकिगत सांगितली होती. ती ऐकून घेते आणि संध्याकाळी दोन बादल्या घालते.

मागच्या महिन्यात साहेब अमरावतीहून आले, सायकल मोटारीच्या टपावर घालून. सायकल ओट्याला टेकवल्याचा आवाज झाला आणि पावलं घराला वळसा घालून मागं गेली. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी पानं उलटून पाहिली, माती उकरून हुंगली. मग जरा मागं सरून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "शांता."

माझी बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. ती उठली नाही, दचकलीही नाही.

"हजर, जी," ती आतून म्हणाली.