यमुताईंचा ताजा दाखला

बाळकुम नाक्यावर मासे विकणाऱ्या यमुताई भोईर कुठलाही कागद हातात आला की आधी तो हुंगतात. वाचणं नंतर. उत्पन्नाचा दाखला असो की पोलिसांचं प्रमाणपत्र, नाकाशी धरणार, उलटा करणार, बोटानं दाबून बघणार आणि निकाल देणार, "ताजा हाय." नाहीतर, "शिला हाय गो बाय, दुसरा आन."

आणायचा कोणी? मी. समोरच्या टॉवरमध्ये राहते, कॉलेजात शिकवते आणि मला ऑनलाइन फॉर्म भरता येतात, एवढाच माझा गुन्हा. दीड वर्षात या बाईनं मला एक रविवार सुखानं झोपू दिलेलं नाही.

पण भानगडच तशी होती. यमुताईंची धाकटी बहीण मंजिरी लग्न होऊन मॉरिशसला गेली. तिथे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नवरा त्यांच्यातलाच, तिथला नागरिक. दीड वर्षापूर्वी दोघंही गाडीच्या अपघातात गेली. मागे राहिली आठ वर्षांची ईशा आणि तिची थकलेली आजी, बापाची आई. यमुताईंनी स्वतः लग्न केलेलं नाही. दिवस झाले आणि तेराव्याला त्या माझ्या दारात उभ्या. "पोर मी आननार. काय काय कागद लागतात, लिहून दे."

लिहून काय देणार, कपाळ! मुलगी परदेशी नागरिक. दत्तकाची परवानगी वेगळी, तिला इकडे आणायचा व्हिसा वेगळा, आणल्यावर नोंदणी वेगळी. त्यात आजी यंदा मे अखेर वृद्धाश्रमात जाणार होती. तोवर कागद झाले नाहीत तर ईशा तिथल्या अनाथालयात.

यमुताईंची फाइल म्हणजे माशांचा थर्माकोलचा खोका. "यात पापलेट दोन दिवस टिकते, कागद नाय टिकनार?" कागद टिकले, पण सुक्या बोंबलाचा वासही टिकला. ठाण्याच्या कचेरीत खोका उघडला की शेजारच्या टेबलावरचे लोक चहा प्यायला उठायचे.

एकदा तिथला कारकून म्हणाला, "हा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना आहे. नवीन आणा." त्यासाठी मी दोन तास रांगेत उभी राहिलेली. माझं डोकंच फिरलं. यमुताई मात्र खूश. "बरोबर हाय सायबांचं. शिला माल मी तरी कुनाला देते का?" तेव्हापासून त्या कारकुनाशी त्यांचं छान जमलं आणि मला दाखला पुन्हा काढावा लागला.

घर बघायला समाजसेविका आली, तेव्हा तर मी देव पाण्यात ठेवले होते. तिनं विचारलं, "मुलीला वेळ कसा द्याल?" यमुताई म्हणाल्या, "नाक्यावर दिसभर लोकांना वेल देते, ते पन भाव करून. हिला बिनभावाचा देईन." समाजसेविका हसली आणि तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळं अडलं. ईशाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव होतं, यमुना. आणि दत्तक घेणारीचं नावही यमुना. कारकून म्हणाला, "अहो, तुमचीच मुलगी आहे, मग दत्तक कशाला घेताय?"

यमुताई माझ्यावरच घसरल्या. "तू माझा नाव चुकीच्या खान्यात टाकलास!" मीही चिडले, घरी येऊन फॉर्म तीनदा तपासला. चूक माझी नव्हती. तिकडच्या दाखल्यावरच यमुना होतं आणि आपल्याकडच्या सगळ्या कागदांवर मंजिरी. वकिलांनी उलगडा केला, "लग्नात नाव बदललं असेल. दोन्ही बायका एकच, याचा पुरावा लागेल. लग्नाला हजर असलेल्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र आणा. सख्खी बहीण म्हणजे उत्तमच."

मी त्याच संध्याकाळी प्रतिज्ञापत्र टाइप करून नेलं. यमुताईंनी हुंगलं. मग वाचलं. 'मी स्वतः लग्नास हजर होते' इथे येऊन थांबल्या आणि कागद खाली ठेवला.

"यावर मी सही नाय करनार."

"यमुताई, तीन आठवडे राहिलेत! पोरगी अनाथालयात जाईल!"

"मी नव्हते गो लग्नाला," त्या म्हणाल्या.

आई-बाप गेले तेव्हा मंजिरी पाच वर्षांची होती. यमुताईंनी डोक्यावर पाटी घेतली आणि तिला वाढवलं. मंजिरीला तासाभरावरच्या शहाडचं स्थळ आलं, तेही "येवढ्या लांब?" म्हणून मोडलं. तिथे मॉरिशस म्हटल्यावर काय! लग्न ठाण्याच्या हॉलमध्ये झालं आणि त्या दिवशी यमुताई नाक्यावर सुरमई घेऊन बसल्या होत्या. "येक पन इकली नाय," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक आला की मीच सांगत होते, आज नको."

मग त्यांनी खोक्याच्या तळातून एक पाकीट काढलं. बंद. बारा वर्षांत उघडलेलंच नाही. "लग्नाचे फोटू हायेत. मंजू फोनवर इचारायची, ताई, बघितलेस? मी सांगायची, बघितले."

मीच फोडलं. पहिलाच फोटो: ताटात पसरलेले तांदूळ, अंगठीनं रेखलेलं नाव, यमुना. शेजारी मुंडावळ्या बांधलेली मंजिरी, ताटाकडे बोट दाखवत हसणारी. मागे पेननं लिहिलेलं. मी मोठ्यानं वाचलं, "ताई, सासरी नवं नाव ठेवायचं म्हणाले. आई नाही आणि तू आली नाहीस. मग तुझं नाव तरी बरोबर नेते."

यमुताईंनी फोटो घेतला आणि सवयीनं नाकाशी धरला. "काय नाय गो," त्या म्हणाल्या, "बोंबलाचाच वास येतो." आणि रडायला लागल्या. मलाही आवरेना.

सही शेवटी लग्नाला गेलेल्या त्यांच्या मामांनी आणि चुलत बहिणीनं केली. पुरावा म्हणून तो फोटो जोडला. कारकून तपासत होता तरी यमुताईंनी फोटोचा एक कोपरा सोडला नाही. परवानगी आली, ती महिना संपायला सहा दिवस असताना. आता तिकडे जाऊन व्हिसा घ्यायचा आणि ईशाला आणायचं. शहाड ज्यांना लांब वाटायचं, त्या बाईंनी नवाकोरा पासपोर्ट हुंगून सांगितलं, "ताजा हाय."

विमान गुरुवारी पहाटे. बुधवारी सकाळी नऊलाच दारात बेल वाजली. नवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी, काखेत खोका.

"यमुताई, अहो, विमान उद्या आहे!"

"म्हायत हाय. मागच्या येलेला लगीन रिक्षानं अर्ध्या तासावर होता, तरी गेले नाय. या येलेला आधीच जाऊन बसते."

मी कॉलेजला रजा कळवली आणि चपला घातल्या.