निळ्या मडक्याची पोथी

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही सहावीत आहात आणि तुमच्या हातात एक पुस्तक आहे. पुस्तक तुमचं नाही, शाळेचं आहे, आणि अख्ख्या शाळेत त्याची एकच प्रत आहे. ज्या बाईंनी ते लिहिलं त्या येत्या शनिवारी तुमच्या शाळेत येणार आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून त्यातलं एक पान तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. आणि तुमच्या घरात आहे एक करडू. त्या करडानं आजवर दावं, खराटा आणि चुलत्याच्या टॉवेलचा अर्धा भाग खाऊन पचवला आहे. सांगा बरं, पुस्तक कुठे ठेवाल?

उघडा डोळे. शिरड शहापूरच्या सुकन्येपुढे अगदी हाच प्रश्न होता.

सुकन्येचे आईवडील मेंढरं घेऊन डोंगराकडे चारायला गेलेले. घरी थोरली चुलती अनुसयाबाई, जिला सुकन्या ‘मोठी माय’ म्हणे, आणि चुलते मसाजी. शिवाय मागे राहिलेल्या शेळ्या आणि ते करडू. पुस्तक देताना परमेश्वर गुरुजींनी तिला बजावलं होतं, “पान दुमडायचं नाही, डाग पाडायचा नाही. मोहिनीताई शनिवारी याच प्रतीवर सही करणार आहेत. पुस्तक जसं नेतेस तसं आण.”

मोहिनी कौठेकर यांची पुस्तकं तशी मोठ्यांची. माणसं एकमेकांना जीव का लावतात, हातांना नवं काही घडवावंसं का वाटतं, आणि ‘मी कोण’ हे कळायला कधीकधी घर का सोडावं लागतं, असल्या गोष्टी त्या लिहीत. पण लिहीत इतक्या साध्या, की सहावीतल्या मुलीलाही वाटावं, ही बाई माझ्याशीच बोलते आहे. ‘निळं मडकं’ ही कादंबरी तर सुकन्येला फारच आवडली. तिच्यातल्या चंद्रकला या कुंभाराच्या मुलीला मडक्यावर आभाळाचा निळा रंग उतरवायचा ध्यास. माधव तिच्यासाठी नदीतून माती आणून देई. एक दिवस त्याला आणि गावाला मागे टाकून ती रंगाच्या शोधात निघते. पुढे काय होतं ते सुकन्येला ठाऊक नव्हतं. शेवटचा भाग तिनं मुद्दाम राखून ठेवला होता. ताटातली पुरणपोळी आपण शेवटी खातो ना, तसा.

तर पुस्तक ठेवायला करडाचं तोंड पोचणार नाही अशी घरात एकच जागा होती : देवाचा कोनाडा. धूळ लागू नये म्हणून सुकन्येनं ट्रंकेतलं एक मऊ लाल फडकं काढलं, पुस्तक त्यात नीट बांधलं, कोनाड्यात ठेवलं आणि निर्धास्तपणे शाळेत गेली.

लाल फडकं, देवाचा कोनाडा, आणि महिना श्रावणाचा. घोटाळा व्हायला आणखी काय लागतं?

दुपारी शेजारच्या धुरपताबाई विरजण मागायला आल्या. त्यांची नजर कोनाड्याकडे गेली.

“काय अनसाबाई, पोथी लावली व्हय? आन आमाला सांगितलं बी न्हाई!”

मोठ्या मायनं वर पाहिलं. लाल बासन. ते तिथं कुठून आलं, तिला ठाऊक नव्हतं. पण दर श्रावणात ती दुसऱ्यांच्या घरी उंबऱ्यापाशी बसून पोथी ऐके. तिच्या घरात आजवर वाचता येणारं कुणी नव्हतंच, तर पोथी कुठून लागणार? ती हातातलं विरजण तसंच धरून क्षणभर थांबली आणि म्हणाली, “व्हय. आमची सुकन्या वाचनार हाय. आजपास्नं.”

सुकन्या घरी आली तर अंगणात सडा पडलेला, ओसरीवर चौरंग मांडलेला, समई लावलेली, आणि निंदणाहून आलेल्या सात-आठ बाया हात-पाय धुऊन बसलेल्या. चौरंगावर ‘निळं मडकं’. त्याच्यावर बोटबोट हळद आणि वर कुंकू.

“मोठी माय!” सुकन्येनं दप्तर तिथंच टाकलं. “हे काहून केलं? हे शाळेचं पुस्तक हाय! पोथी न्हाई ही!”

“हळू बोल,” मोठी माय तिच्या कानाशी लागली. “मला काय म्हाईत माय? आता तर हळदकुकू वाहून बसले. एकदा बसलेली पोथी समाप्ती झाल्याबिगर उठत न्हाई. अर्धी सोडली तर घराला बरं नसतंय.”

“पन गुरुजी—”

“त्यात वंगाळ काही हाय का?”

“न्हाई. लई चांगलं हाय.”

“मंग चांगलंच वाचायचं. बस पाटावर.” आणि मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “लेकरा, इतक्या बाया माझ्या घरी पयल्यांदा आल्यात गं.”

सुकन्या पाटावर बसली. शनिवारपर्यंत सगळं वाचून संपवायचं, समाप्ती करायची, हळद पुसून पुस्तक गुरुजींच्या हाती द्यायचं, असा हिशोब तिनं मनात मांडला. पोथीच्या चालीवर, लांबवून लांबवून, तिनं पहिला अध्याय सुरू केला.

सुरुवातीला बाया हात जोडून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी माधव आला, आणि पानावर चंद्रकला त्याला म्हणाली, ‘तुझ्या डोळ्यांत मला माझं आभाळ दिसतं.’

सुकन्या अडखळली.

“हे ती कोनाला म्हनली?” कुणीतरी विचारलं.

“देवाला म्हनत आसंल,” धुरपताबाईंनी निकाल दिला. “मान्साला आसं कोन म्हनतंय?”

“न्हाई काकू, माधवालाच म्हनली,” सुकन्या खाली मान घालून म्हणाली.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग धुरपताबाई पदर सावरत म्हणाल्या, “परत वाच बरं तेवढं.”

त्या दिवसापासून बाया लवकर येऊ लागल्या. निंदण अर्धं टाकून येऊ लागल्या. चंद्रकलेनं घर सोडलं त्या दिवशी तर ओसरीवर दोन तट पडले. एक म्हणे, जायला नको होतं. दुसरा म्हणे, गेली ते बराबर केलं, जिवाला लागलेलं कुठवर दाबायचं? मसाजी रोज त्याच वेळेला ओसरीलगत बसून तीच एक घोंगडी शिवत. ती काही शिवून होईना.

“लई बाया बाहीर उभ्या ऱ्हायल्यात,” एक दिवस ते म्हणाले. “कर्णा लावू का?”

“नका ना, मोठे बाबा!” सुकन्या जवळजवळ रडलीच. कर्ण्याचा आवाज थेट शाळेपर्यंत गेला असता.

पुस्तकाच्या मागच्या बाजूला मोहिनीताईंचा फोटो होता. बायांनी पहिल्या दिवशी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. पुढे रोज लावलं, आणि ते पसरत पसरत गालावर आलं. त्याला झेंडूची एक लहानशी माळही चढली. पोथी लिहिणारे कधीच स्वर्गात गेलेले असतात, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. या बाई मात्र इथं खाली, पृथ्वीवरच राहतात आणि औंढ्याच्या देवळात दर्शन करून शनिवारी शिरडला येणार आहेत, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शुक्रवारी फक्त शेवटचा भाग उरला. उद्या सकाळी लवकर समाप्ती, मग शाळा. सुकन्येच्या जिवात जीव आला. पण त्या दिवशी नैवेद्याचा गूळ धुरपताबाईंनी भक्तिभावानं पुस्तकाच्या वरच ठेवला. बसलेली पोथी हलवायची नाही, म्हणून पुस्तक रात्रीही चौरंगावरच असे. आणि चौरंग हा काही कोनाडा नव्हे. चौरंग जमिनीपासून वीतभर उंच. करडाच्या तोंडाला अगदी बेताचा.

शनिवारी सकाळी सुकन्येनं पुस्तक उचललं तेव्हा गूळ नव्हता. माळ नव्हती. आणि शेवटची दहा-बारा पानंही नव्हती. खांबापाशी करडू डोळे अर्धे मिटून शांतपणे रवंथ करत होतं.

तिनं चौरंगाखाली वाकून पाहिलं, एक तुकडाही नव्हता. डाग पुसता आला असता. दुमडलेलं पान सरळ करता आलं असतं. पण करडाच्या पोटातलं पान कुठून आणणार? मोहिनीताईंसमोर आता कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

“सुकन्या, बस बाई,” मोठ्या मायनं हाक मारली. “साऱ्या आल्या.”

खरोखरच साऱ्या आल्या होत्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीसुद्धा चूल तशीच टाकून आल्या होत्या. त्यामुळे झालं असं, की परमेश्वर गुरुजी पाहुण्यांना घेऊन शाळेत पोचले तेव्हा तिथं चहा करायलाही कुणी नव्हतं. “गाव गेलं कुठं?” मोहिनीताईंनी विचारलं. एका मुलीनं सांगितलं, “सुकन्याच्या घरी. चंद्रकलेची समाप्ती हाय.”

“चंद्रकलेची?” मोहिनीताई थबकल्या. “चला, तिकडेच जाऊ.”

इकडे सुकन्येनं उरलेलं पान वाचून संपवलं. पुढे नुसता पुठ्ठा होता. बाया वाट पाहत होत्या. मोठी माय हात जोडून, डोळे मिटून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान सुकन्येनं पाहिलं आणि खरं सांगायला उघडलेलं तोंड मिटलं. मग तिनं पुठ्ठ्यावर नजर खिळवली, आणि त्याच चालीवर, त्याच लांबलेल्या सुरात, पुढचं वाक्य म्हटलं. ते वाक्य तिथं नव्हतं.

चंद्रकला खूप गावं हिंडली, तिनं सांगितलं. रंग कुठंच सापडला नाही. तेव्हा ती घरी परत आली. भट्टी लावायची तर पावसानं सगळं सरपण ओलं. मग शेजारच्या म्हातारीनं तिला टोपलीभर वाळल्या लेंड्या दिल्या—

याच वेळी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. मागे गुरुजी, घामाघूम.

“चपला बाहीर काढा, बाई,” मोठी माय डोळे किलकिले करून म्हणाली. “बसा खाली. मधी बोलू नका.”

गुरुजींनी काहीतरी सांगायला हात वर केला. “तुमी बी बसा, गुरुजी.” गुरुजी बसले. मोहिनीताई तर आधीच बसल्या होत्या, धुरपताबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून.

सुकन्येनं मान वर केली नाही. तिला फक्त खांबाजवळचं करडू दिसत होतं. म्हणून गोष्टीतही करडू आलं. त्यानं उडी मारली, टोपली भट्टीत उपडी केली, सगळ्या लेंड्या एकदम पेटल्या. सकाळी राख बाजूला केली तर आत मडकं, निळंभोर. अगदी आभाळासारखं! माधव दुरून बघत उभा होता. म्हणाला, ‘आता मी काय करू?’ चंद्रकला म्हणाली, ‘माती तू आण. चाक माझं. रंग दोघांचा.’

“आन लेंड्या आपल्या!” धुरपताबाईंना राहवलं नाही. “अगं, आपल्या मेंढराच्या लेंड्याचं नाव पोथीत आलं!”

मसाजींनी घोंगडीनं डोळे पुसले. आरती झाली, शिरा वाटला गेला. मोहिनीताईंनी हातावर प्रसाद घेतला आणि पुस्तक उचललं. आधी उलटून मागची बाजू पाहिली. कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल झालेला स्वतःचा चेहरा त्यांनी बराच वेळ निरखला. मग त्या हळूच म्हणाल्या, “पण पुस्तकात चंद्रकला परत येत नाही.”

“तुमाला काय म्हाईत?” धुरपताबाई उसळल्या.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. “त्यांनीच लिहिलंय ते.”

बायांच्या नजरा फोटोवरून मोहिनीताईंच्या चेहऱ्यावर गेल्या.

“जित्या हायत?” कुणीतरी कुजबुजलं. आणि मग एकदम सगळ्या बाया पाया पडायला उठल्या. मोहिनीताई मागे सरत सरत भिंतीला टेकल्या.

सुकन्या मात्र पाटावरच. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. “शेवटची पानं करडानं खाल्ली,” ती म्हणाली. “मी वाचली नव्हती. राखून ठेवली व्हती. मंग... मंग मीच सांगितलं.”

मोठ्या मायनं पदरानं सुकन्येचे डोळे पुसले. मग ती मोहिनीताईंकडे वळली. “लेकराला बोलू नका. चूक माझी हाय. पन बाई, तुमच्या पोथीत काय व्हतंय मंग?”

“माझ्या पुस्तकात ती दूर समुद्राकाठी राहते. एकटी. तिथं तिला स्वतःचा शोध लागतो.”

“म्हंजे ती सोताला घावली?”

“हो. घावली.”

“मंग घावल्यावर घरी यायला काय तकलीफ व्हती?”

मोहिनीताई एकदम हसू लागल्या, इतक्या, की करडू दचकून उभं राहिलं. “हे मला कुणीच विचारलं नव्हतं,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “मी स्वतःलाही नाही.”

मग त्यांनी पिशवीतून ‘निळं मडकं’ची कोरी प्रत काढली, तिच्यावर सही केली आणि गुरुजींना दिली. “ही शाळेला.” दुसरी काढून सुकन्येला दिली. “ही तुला. यात माझा शेवट आहे. वाच, आणि पटला नाही तर माझ्याशी भांड.” मग हळदीनं पिवळी, कुंकवानं लाल आणि मागून कुरतडलेली ती जुनी प्रत त्यांनी छातीशी धरली. “ही मी नेते. पण हिच्यावर सही माझी नको. शेवट जिचा, सही तिची.” आणि त्यांनी आपलं पेन सुकन्येपुढे धरलं.

सुकन्येनं पेन घेतलं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वळणदार अक्षरांत आपलं नाव लिहिलं. लिहून झालं तरी ती थांबली. काहीतरी राहून गेल्यासारखी इकडेतिकडे पाहू लागली. मग उठली, खांबापाशी जाऊन करडाला काखेत धरून घेऊन आली, त्याचा पुढचा पाय कुंकवाच्या करंड्यात बुडवला, आणि आपल्या नावाच्या शेजारी हलकेच टेकवला.